लग्न आमच्या दारात

गावानं आमच्याशी बोलणं बंद केलं तेव्हा मी नववीत होते, आणि खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मला बरंच वाटलं. शाळेत जाताना पारावरची माणसं "काय गं मास्तरच्या पोरी, कुठं निघालीस" म्हणून उगाच चौकशा करायची, त्या थांबल्या. तिसऱ्या दिवशी आईनं मीठ आणायला दुकानात पाठवलं. दुकानदारानं माझ्या डोक्यावरून पलीकडं बघितलं. मी चार वेळा मीठ मागितलं. माझ्या मागून आलेल्या बाईला त्यानं साखर दिली, काडेपेटी दिली, तिच्या नातवाची विचारपूस केली, आणि मी तिथंच पिशवी धरून उभी. घरी येऊन मी आईवरच ओरडले, की तुला माहीत होतं तर मला पाठवलंस कशाला. आई म्हणाली, "खात्री करायची हुती."

बारामतीहून इंदापूरकडं जाताना सणसर मागं टाकून एसटी पुढं गेली की एक फाटा लागतो. फाट्यापासून रस्ता सरळ गावात शिरतो. पार, दुकान, गिरणी असं करत गावाच्या दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो, आणि तिथं आमची बावीस घरांची बौद्ध वस्ती होती. म्हणजे कालव्याच्या कडेची, लांबून फिरून जाणारी कच्ची वाट सोडली तर आम्हाला जगात कुठंही जायचं झालं तरी आधी गावातून जावं लागायचं. चारी बाजूंनी ऊस, आणि वस्तीतली बहुतेक घरं त्याच उसात मजुरीला. आबा, म्हणजे माझे वडील, सांगवीच्या शाळेत मास्तर होते. सायकलनं फाट्यापर्यंत, तिथून एसटीनं बारामती, तिथून सांगवी, असा त्यांचा रोजचा प्रवास. वस्तीत पगार येणारं घर तेवढं एकच.

भांडण झालं ते एका मयतावरून. गावात कुणी वारलं की त्यांच्या पाहुण्यांच्या गावोगाव चालत जाऊन निरोप सांगायचा, हे काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या माणसांचं. छप्पन साली वस्तीनं दीक्षा घेतली आणि गावची बाकीची कामं एकेक करून सोडली. मेलेलं जनावर ओढणं सोडलं, वेशीवरची राखण सोडली. हे एक तेवढं राहिलं, कारण आमचे एक चुलत आजोबा ते करत राहिले. त्यांना कुणी कितीही समजावलं तरी ते म्हणायचे, "चार गावची माणसं भेटत्यात, च्या मिळतो, तुमचं काय जातंय?" ते दिवाळीत वारले. संक्रांत झाली, गावातल्या मोठ्या मळ्यातले म्हातारे गेले, आणि त्या घरचा एक जण सकाळीच आमच्या दारात आला.

"मास्तर, सांगावा न्ह्यायचाय. सहा गावं हायत."

आबा दाढी करत होते. "पोस्टात फोन हाय," ते म्हणाले. "तुमच्या पोरांकडं फटफट्या हायत. आता सांगाव्याला माणूस कशाला पायजे?"

"रीत हाय."

"आमच्याकडनं ती सपली." आबा जरा थांबले. मग म्हणाले, "मी शाळंला रजा टाकतो आन् मयताला येतो. खांदा देतो. पर सांगावा न्हेणार न्हाय."

हे आबांनी अगदी मनापासून म्हटलं होतं. ते लहानपणी शाळेत जायचे तेव्हा पावसाच्या दिवसांत त्याच म्हाताऱ्यांनी त्यांना आपल्या बैलगाडीत घेऊन सोडलेलं होतं, आणि त्याची आठवण ते नेहमी काढायचे. सांगावा नाकारला हे गावानं एक वेळ सोडून दिलं असतं. पण आमच्या खांद्यावरून त्यांच्या म्हाताऱ्याला न्यायची गोष्ट काढली, हे कुणाला सहन झालं नाही. आईचं अजूनही मत आहे की आबांनी "ती सपली" एवढं बोलून गप्प बसायला हवं होतं. माझं तसं मत नाही, पण आईशी या विषयावर वाद घालून मी कधी जिंकलेली नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पारावर बैठक बसली. वस्तीशी बोलायचं नाही, वस्तीला काही विकायचं नाही, तिथल्या कुणाला कामाला लावायचं नाही, गिरणीत त्यांचं दळण घ्यायचं नाही. जो मोडेल त्याला दंड. मास्तरनं पारावर येऊन माफी मागावी आणि सांगाव्याचं काम परत घ्यावं, मग सगळं मोकळं. हे आमच्याकडं येऊन कुणी सांगितलं नाही, कारण बोलायचंच नव्हतं. एकेका बंद दारावर आम्हाला ते कळत गेलं. आबांनी तालुक्याला अर्ज दिला. अर्जावर चौकशी चालू असल्याचं उत्तर आलं आणि ती चौकशी बहुधा अजून चालू असेल.

पहिल्याच आठवड्यात शेजारची नानी आमच्या ओट्यावर येऊन बसली. नानी विधवा, साठीला आलेली, आणि खुरपणीत तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. "मास्तर," ती म्हणाली, "तुमी न्हाय म्हणालात ते बेस केलं. पर तुमाला पगार हाय. आमाला नुसतं हात हायत."

नानीचं वाक्य आबांच्या मनात घर करून बसलं. वस्तीतल्या बायका कालव्याच्या कडेनं दोन-दोन तास चालून इंदापूरच्या बाजूच्या गावांत कामाला जायला लागल्या, आणि आबा जेवताना ताटातली दुसरी भाकरी परत टोपल्यात ठेवायला लागले. ती खाल्ली नाही म्हणून नानीची वाट कमी होणार होती थोडीच. आई चिडायची. "उपास करून हे उठतंय व्हय? जेवा गप."

आणि आमच्या घरात लग्न होतं. माझ्या मोठ्या बहिणीचं, अक्काचं, दिवाळीतच ठरलं होतं. मुलगा कऱ्हाटीचा, बारामतीच्या एमआयडीसीत फिटर. तारीख मे महिन्यातली आणि मांडव आमच्या दारात, असं दोन्ही घरांनी आधीच बोलून ठेवलेलं. आता जिथं मिठाची पंचाईत तिथं तीनशे माणसांचं जेवण कसं करायचं, ती माणसं त्या गावातून आमच्या दारापर्यंत आणायची कशी, हे कुणालाच सुचत नव्हतं. आईनं सांगून टाकलं, "तारीख हलणार न्हाय. जागाबी हलणार न्हाय." त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. लोकांना वाटतं, अशा वेळी माणसं कपाळाला हात लावून बसत असतील. आम्ही डाळीचा अंदाज काढत बसलो होतो.

मीठ, तेल, डाळ आबा बारामतीहून पिशव्यांतून आणायचे. अडलं ते पिठावर. आमच्या एका घरापुरतं दळण त्यांनी बारामतीहून आणलंही असतं, पण बावीस घरांची पोती एसटीत कोण चढवू देणार? आणि आपल्यापुरतंच आणायचं म्हटलं की त्यांना नानी दिसायची. राहिलं जातं. जातं घरोघर होतं, पण ते होतं कुठं, हा आमचाच पराक्रम. पूर्वी लग्नाच्या आधी जात्याची पूजा करून, ओव्या म्हणून त्यावर हळद दळायची चाल होती. दीक्षेनंतर घरातले देव नदीला गेले, आणि पूजा नको म्हणून काहींनी जात्यालाच घराबाहेर काढलं. कुणी ते गोठ्यात टाकलं, कुणी उंबऱ्यापुढं पायरीला लावलं. या बाबतीत आबा सगळ्यांत कडक. गावात विजेची गिरणी चांगली चालू झाल्यावर त्यांनी आमचं जातं उचकटून दोन्ही दगड न्हाणीत फरशीसारखे बसवले. दहा वर्षं आम्ही त्यांच्यावर उभं राहून आंघोळी केल्या.

एका रविवारी आबांनी पहार घेतली आणि न्हाणी उकरायला सुरुवात केली. आई दारात उभी राहून बघत होती. "नीट काढा," ती म्हणाली, "धा वर्सं साबण लावून ऱ्हायलंय, हातातनं निसटंल."

ठोकण्याचा आवाज ऐकून वस्तीतली माणसं जमली. आबांनी दोन्ही दगड अंगणात आणून ठेवले, घाम पुसला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "माजं चुकलं. पूजा सोडायची हुती, दगूड न्हाय. मीच तुमाला समद्यांना काढायला लावलं." पारावर जाऊन माफी मागायला काही केल्या तयार नसलेला हा माणूस, आपल्या लोकांपुढं चूक कबूल करताना एकदाही अडखळला नाही. मला त्या दिवशी त्यांचा इतका अभिमान वाटला की मी उगाच रडत घरात गेले. त्या आठवड्यात वस्तीत सात ठिकाणी पहारी चालल्या.

दगड गुळगुळीत झाले होते. त्यांना टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं ठोकून खडबडीत करायला हवं होतं. ते काम नानीनं अंगावर घेतलं. टाकी लावल्यावर पहिलं थोडं धान्य भरडून फेकून द्यायचं असतं, नाहीतर पिठात दगडाची कच उतरते. हे नानीला माहीत होतं, पण ती कामाला गेलेली असताना आई आणि अक्कानं दळायला घेतलं, आणि ज्वारी फेकून द्यायची असते ही गोष्ट आईच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी भाकरीचा पहिला घास तोंडात घेतला आणि सगळ्यांच्या दातांखाली एकदम कचकच वाजलं. मी आणि अक्कानं एकमेकींकडं बघितलं. आबा खात राहिले. दुसरी भाकरी टोपल्यात परत ठेवायचं ते त्या दिवशी विसरले, किंवा आईच्या तोंडाकडं बघून त्यांची हिंमत झाली नसेल. नानी आल्यावर तिनं तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "आगं बया, पीठ खाताय का जातं?" आणि जी हसत सुटली ती तिला ठसका लागेपर्यंत. चार आठवड्यांत वस्तीत कुणी एवढ्या मोठ्यानं हसलेलं मी ऐकलं नव्हतं.

मग रोज पहाटे दळण सुरू झालं. नानीला ओव्या येत होत्या, पण त्या सगळ्या देवादिकांच्या. तिनं पहिली ओवी म्हटली की आबा आतून खोकायचे. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी नानीनं देवाच्या जागी गिरणीवाल्याला बसवलं आणि ओवीतल्या ओवीत त्याची अशी काही धिंड काढली की आबांचा खोकला कायमचा बरा झाला. अक्काच्या तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. ती शिवणकाम करायची. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्या मशिनीवर शिवलेले होते. आता ते काम बंद होतं आणि मशिनीवर पिठाचे डबे ठेवलेले होते.

त्याच दिवसांत सकाळच्या रेडिओवर आफ्रिकेतल्या एका देशाच्या बातम्या यायला लागल्या. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलं, ओळखीच्या माणसांनी घरात शिरून मारलं, असं सांगत होते, आणि मेलेल्यांचा आकडा रोज वाढत होता. मला रात्री झोप लागेना. एका सकाळी मी आबांना विचारलं, "आपल्याला पण असं मारतील का?"

आबांनी लगेच नाही म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "मारायच्या आदी बोलणं बंद करत्यात, हे खरं हाय. पर बोलणं बंद करणारे समदेच काय मारत न्हाईत." मग रेडिओ बारीक करत त्यांनी स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं, "तितं जे वाचल्यात, ते आत्ता सकाळच्या पारी काय करत असतील?"

आई जात्यावर होती. तिनं हात न थांबवता उत्तर दिलं, "काय करतील? पाणी भरत असतील."

पुढं मी स्वतः शिक्षिका झाले. वंशसंहारातून वाचलेल्या माणसांबद्दल जे मिळेल ते मी वाचलं, कारण आबांचा तो प्रश्न माझ्यामागं लागला होता. आमच्यावर आलं ते त्या लोकांवर आलेल्याच्या शेजारी ठेवण्यासारखंही नव्हतं, आणि मी ते ठेवत नाही. आमच्या वस्तीत त्या बहिष्कारात कुणी मेलं नाही. पण विद्वान माणसं जेव्हा लिहितात की त्यांना आशेनं जगवलं, तेव्हा मला राग येतो. आशा आमच्या घरात कुणालाच नव्हती. सगळं नीट होईल असं आईनं त्या चार महिन्यांत एकदाही म्हटलं नाही. तिच्याजवळ एक तारीख होती, त्या तारखेपर्यंत करायची कामं होती, आणि आपण कोण आहोत हे पारावरच्या बैठकीत ठरणार नाही एवढा हट्ट होता. तो हट्ट तिला कुणी शिकवला नव्हता. तिच्या सासूनं मेलेलं जनावर ओढायला नकार दिला तेव्हा वस्तीनं मारही खाल्ला होता, हे ती सहज सांगायची, पाहुण्यांच्या आजारपणाबद्दल सांगावं तसं.

लग्नाचं जेवण कसं करायचं, तेही आईनंच काढलं. "आहेर नगं म्हणावं. येणाऱ्या परत्येक घरानं भाकरी आणाव्यात. आमटी आपुन करू." आमच्या समाजात सभा-मेळाव्याला घरोघरच्या भाकरी गोळा करायची पद्धत होतीच. ती लग्नाला लावायची, एवढंच. हे सांगायला आबा सुट्टीच्या दिवशी सायकलवर निघाले. कऱ्हाटीपासून सांगवीपर्यंत आणि इकडं इंदापूरच्या रस्त्यापर्यंत, पाहुण्यांच्या एकेका वस्तीत जाऊन ते निरोप देऊन आले. उन्हानं त्यांचं नाक सोलून निघालं. नानीनं त्यांना दारातच पकडलं. "मास्तर, शेवटी सांगावा न्ह्यायला लागलाच की वो!"

"व्हय," आबा म्हणाले, "पर ह्यो आपला हाय."

लग्नाला चार दिवस राहिले असताना कऱ्हाटीहून नवऱ्या मुलाचे चुलते आले. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. उंच, सावकाश बोलणारे, मनानं चांगले. त्यांनी पाणी घेतलं, मांडवाचे खांब बघितले, आणि मग म्हणाले, "मास्तर, बारामतीत एक हॉल सांगून ठेवलाय. तुमी समदी तिकडंच या. लगीन तिकडं लावू. हितं आमच्या बाया येणार, लेकरं येणार, म्हातारी माणसं येणार. त्या रस्त्यानं येताना एक दगूड आला तर काय करायचं?"

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. म्हणून तर ते ऐकायला इतकं अवघड गेलं. मी आबांकडं बघितलं. आबांनी मातीत बोटानं रेघा ओढल्या. दुसऱ्यांच्या लेकरांचं नाव निघालं तशी आई मांडवाच्या खांबाची गाठ पुन्हा आवळायला लागली. शेवटी आबा म्हणाले, "बरं." अगदी हळू म्हणाले. ओट्याच्या कडेला नानी बसली होती. ती पदर झटकत उठली आणि आपल्या घराकडं चालायला लागली.

अक्का चहा घेऊन आली होती. नवरी मुलगी सासरच्या माणसांपुढं बोलत नाही. तिनं कपबशी तात्यांपुढं ठेवली, पण ती परत आत गेली नाही.

"तात्या," ती म्हणाली, "हॉलमदी लगीन चांगलं लागंल. मी कऱ्हाटीला येईन. आबांना पगार हाय, ते बारामतीत खोली घेतील. आन् नानी कुठं जाईल?"

नानी वाटेत थांबली.

"ही समदी पहाटं उठून दळत्यात, ते नुसतं माज्या लग्नासाठी न्हाय. आपुन हितं ऱ्हाणार हाय, म्हणून दळत्यात. आमी तारखंच्या चार दिवस आदी गेलो तर ह्यांनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं? मी नांदायला जाणार हाय, तात्या. पळून न्हाय जाणार."

तात्या तिच्या हातांकडं बघत होते. अक्काच्या ते लक्षात आलं आणि तिनं फोडांचे हात पदराखाली घेतले. आबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मी बरं म्हणालो ते मागं घेतो. पर तुमची लेकरं तुमची हायत, तात्या. तुमी ठरवा."

चहावर साय धरली तरी तात्यांनी कप उचलला नाही. मग तो एका दमात पिऊन ते म्हणाले, "आमी फाट्यावर उतरू. तितनं समदी एकदम चालत येऊ. वाजंत्री नगं, घोषणा नगं. लेकरं मदी घालू."

लग्नाच्या दिवशी आम्ही वस्तीच्या तोंडाशी उभे राहून गावातल्या रस्त्याकडं बघत होतो. आधी धूळ दिसली, मग पांढरे कपडे. वऱ्हाड आणि आमचे पाहुणे फाट्यावर थांबून एकत्र झाले होते. पुढं म्हाताऱ्या बायका, डोक्यावर फडक्यात बांधलेल्या भाकरी. मध्ये लेकरं. कुणी बोलत नव्हतं. पारावर, दुकानापुढं, गच्च्यांवर गाव उभं होतं आणि तेही बोलत नव्हतं. माझी आई ओठ हलवत माणसं मोजत होती की काय करत होती कोण जाणे. दगड आला नाही. का आला नाही ते मला अजून माहीत नाही. माणसं जास्त होती म्हणून असेल, फाट्यावर एक पोलीस खुर्ची टाकून बसला होता म्हणून असेल, ऊन फार होतं म्हणूनही असेल.

लग्न आमच्या दारात लागलं. दोन तसबिरींपुढं मेणबत्त्या, त्रिशरण, पंचशील, हार, फुलं. नंतर पंगती. ज्वारीच्या, बाजरीच्या, जाड, पातळ, करपलेल्या, कोपऱ्यावर फाटलेल्या, जेवढ्या हातांच्या तेवढ्या तऱ्हेच्या भाकरी, आणि आमची आमटी. नानी नव्या लुगड्यात पंगतीतून फिरत होती आणि कच लागते का म्हणून एकेकाला विचारत होती. आबांनी त्या दिवशी तीन भाकरी खाल्ल्या. बहिष्कार काही त्या दिवसानं संपला नाही. तो पुढं पुन्हा दिवाळी येईपर्यंत चालला, आणि तेव्हाही कुणी उठवला असं नाही, ऊसतोडीला माणसं कमी पडली तेव्हा आपोआप विरत गेला.

पाठवणीसाठी तात्यांनी जीप कालव्याच्या बाजूच्या कच्च्या वाटेवर आणून ठेवली होती, म्हणजे अक्काला गावातून जायला लागू नये. अक्का म्हणाली, जीप फाट्यावर न्या, मी चालत येते. नवरदेवानं तिच्याकडं बघितलं आणि ड्रायव्हरला तसं सांगितलं.

आमच्या भागात नांदायला निघालेली पोर गावातल्या मोठ्या माणसांना सांगून निघते. ती "येते" म्हणते, ती माणसं तिला "ये बाई" म्हणतात. अक्का पांढऱ्या साडीत, गळ्यात हार, शेजारी नवरा, आणि मागं आम्ही सगळे. गावातल्या पहिल्या दारात एक बाई उभी होती. अक्का थांबली. "येते मी, काकू," ती म्हणाली. काकूंनी उत्तर दिलं नाही. अक्का दोन क्षण थांबून पुढच्या दाराशी गेली. "येते, मावशी." मग गिरणीपुढं. "येते, आण्णा." मग दुकानापाशी, मग पारापाशी. एकही दार तिनं वगळलं नाही. मोठ्या मळ्यातल्यांच्या दारातही ती तितकाच वेळ थांबली. निम्म्या बायकांच्या अंगात तिनं शिवलेले ब्लाउज होते. एकीनं पदराचा बोळा तोंडात धरला. पण "ये" कुणी म्हटलं नाही, दंडाच्या भीतीनं म्हणा नाहीतर एकमेकांच्या. माझं डोकं तापलं होतं. मला तिला ओढून न्यावंसं वाटत होतं.

फाट्यावर जीप उभी होती. मी अक्काचा दंड धरला आणि म्हटलं, "कशाला केलंस हे? एकानं तरी तोंड उघडलं का? काय मिळालं तुला?"

अक्का रडत नव्हती. तिनं माझे केस कानामागं सारले. "बोलणं त्यांनी टाकलंय," ती म्हणाली, "मी कुठं टाकलंय?" मग ती जीपमध्ये बसली, आणि जीप बारामतीच्या दिशेनं गेली.

आम्हाला घरी जायला तोच रस्ता होता. मी, आई, आबा, नानी आणि वस्तीतली माणसं परत फिरलो. ऊन उतरलं होतं, पण दारांत अजून माणसं उभी होती. फाट्याच्या बाजूच्या पहिल्या दारापाशी आई थांबली. चार महिन्यांत ती गावातल्या कुणाशी एक अक्षर बोलली नव्हती. पदर नीट करून ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "पोचवून आलो बरं का, वैनी. पोर गेली." उत्तर आलं नाही. आई पुढं चालायला लागली. दुसऱ्या दारापाशी नानी थांबली आणि तिनंही सांगितलं.

तिसरं दार माझ्यासमोर आलं. आतली बाई माझ्याकडं न बघता भिंतीकडं बघत उभी होती. माझा राग अजिबात गेला नव्हता.

"अक्का गेली, मावशी," मी म्हटलं, आणि तिनं तोंड उघडलं नाही तेव्हा पुढच्या दाराकडं निघाले.